म्युझियमच्या अंगणातला माग

आमच्या गावात कुणाच्याही घरी जा, बूट दारात काढा आणि खाली बघा. पायाखाली जी चिंध्यांची सतरंजी असेल ती राइलीच्या मागावरची. डॉक्टरकडे तीच, चर्चच्या पाद्रीणबाईंकडे तीच, आणि नदीपलीकडे ती नवी पांढरीशुभ्र घरं झालीत ना, जिथं चमचा वाजला तरी लोक ओशाळतात, तिथंही तीच. बाईनं सगळं गाव आपल्या हातानं अंथरून ठेवलंय म्हणा ना.

सतरंजी म्हणजे काय, तर जुने कपडे. विटक्या चादरी, पडदे, गिरणीतले निळे डगले, पोरांचे गुडघ्यावर फाटलेले पायजमे. फाडायचे, पट्ट्या काढायच्या, पट्ट्यांचे गुंडे करायचे आणि राइलीकडे नेऊन द्यायचे. घरातलं माणूस गेलं की त्याचेही कपडे तिच्याकडेच यायचे. दार उघडून राइली दोनच प्रश्न विचारायची, "धुतलेत ना? बटणं काढलीत ना?" हो म्हटलं की, "मग ठेव तिथं आणि जा. रडायचं असेल तर घरी जाऊन रड. ओली चिंधी मला चालत नाही."

लोकांना राग यायचा? येत असेल. पण वळायचे तिच्याकडेच, कारण थोड्या दिवसांनी ती सतरंजी खांद्यावर टाकून स्वतः घरी यायची, स्वतःच अंथरायची आणि म्हणायची, "ही घे. आता रोज पाय ठेव. तो काही तक्रार करणार नाही." आणि खरंच सांगतो, माणसं हलकी व्हायची.

शेजारच्या सिल्वीचं तिनं जे केलं ते तर अख्ख्या गावाला ठाऊक आहे. सिल्वीचा नवरा गेला आणि तिनं त्याचा कोट, त्याचे शर्ट, सगळं कपाटात जसंच्या तसं ठेवलं. दोन हिवाळे गेले. बाई कपाटाशी जाऊन बसायची, जेवणाची शुद्ध नाही, कुणाशी बोलणं नाही. शेवटी एका सकाळी राइली तिच्या घरात घुसली, कपाट उघडलं आणि कपडे कवेत घेऊन बाहेर काढायला लागली.

"अगं, हात नको लावूस!" सिल्वी किंचाळली.

"कपाट आहे हे, थडगं नाही," राइली म्हणाली. "माणूस गेला. हे नुसतं कापड आहे. कापडाला धरून बसलीस तर कापडही कुजेल आणि तूही."

सिल्वीनं तिच्याशी बोलणं टाकलं. मग सतरंजी आली, पलंगाशी पडली, सकाळी उठल्या उठल्या सिल्वीचे पाय तिच्यावर पडायला लागले आणि बाई पुन्हा माणसांत आली. तेव्हापासून कुणी गेलं आणि मागचं माणूस सावरेना, की लोक म्हणायचे, राइलीला बोलवा.

आणि ह्याच राइलीच्या माळ्यावर, धुराड्यामागे, सिल्वीचं कपाट उपसलं त्याच्याही आधीपासून एक पोतं होतं. त्याची सुतळी तिच्याशिवाय कुणी सोडलेली नव्हती.

पोत्यात वेसाचे कपडे होते. वेसा तिचा एकुलता एक मुलगा. सव्विसाव्या वर्षी, मार्च संपता संपता, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला तो गेलाच. त्या दिवसांत बर्फ वरून घट्ट दिसतो आणि आतून भुसभुशीत झालेला असतो. आमच्याकडे दर वर्षी तेव्हा कुणी ना कुणी जातं, आणि दर वर्षी प्रत्येक घराला वाटतं, आपलं नाही जाणार.

वेसाला मातीत ठेवून फार दिवस झाले नव्हते तेव्हा ताउनोनं, म्हणजे राइलीच्या नवऱ्यानं, विचारलं होतं, "तो राखाडी स्वेटर कुठंय?"

"दिले सगळे," राइली म्हणाली होती. "चर्चची गाडी आली होती."

"बरं," ताउनो म्हणाला होता.

ताउनोनं जन्मभर दुधाची गाडी चालवली. बोलण्याच्या बाबतीत असा चिक्कू, की तीन शब्दांत काम होत असेल तर दोन वापरायचा आणि एक शिल्लक टाकायचा. त्यानंतर त्यानं स्वेटरचं नाव काढलं नाही. वेसाचंही नाव काढलं नाही. राइली खोटं का बोलली, हे तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. त्या कपड्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागेल हेच तिला तेव्हा सहन होत नव्हतं, मग तो हात बापाचा का असेना. उद्या सांगू, असं म्हणाली असेल मनाशी. उद्याचं परवा झालं, आणि असं करता करता सतरा वर्षं गेली. ताउनो सौनात, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीत गेला की कधीमधी ती माळ्यावर चढायची, पोत्याचं तोंड सोडायची आणि आत तोंड घालून बसायची. वास केव्हाच उडून गेला होता. तरी बसायची. सगळ्या गावाच्या दुःखावर कात्री चालवणाऱ्या बाईचा हात ह्या एका पोत्याशी लुळा पडायचा. मी त्याच्यावर पाय देणार नाही, एवढं एकच तिच्या मनात पक्कं होतं.

आता म्युझियमचं सांगतो. आमची कापडगिरणी बंद पडून जमाना झाला. मग शहरातून लोक आले, गिरणी घासूनपुसून लख्ख केली आणि तिथं डिझाइनचं म्युझियम थाटलं. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही झाडून सगळे बघायला गेलो. खुर्च्या होत्या, दिवे होते, कॉफीची किटली होती. आमच्या चुलीवर असते तशीच किटली, पण काचेत. ताउनोचे पाय दुखत होते म्हणून तो एका खुर्चीवर टेकला, तर तिथली राखणदार पोरगी धावत आली. "उठा, उठा! ह्या खुर्चीवर बसायचं नसतं!"

"मग हिचं काय करायचं असतं?" ताउनोनं विचारलं. गावाला ते वाक्य वर्षभर पुरलं.

तरी हळूहळू म्युझियम आमचं झालं. जून लागला की अंगणात कापडी छत पडतं. रविवारी गाणंबजावणं, पोरांना कागदाचे दिवे करायला शिकवणं, जुन्या कपबशांचा बाजार, संध्याकाळी कुणाकुणाची भाषणं. त्या दिवसांत सूर्य मावळायचं नाव घेत नाही, माणसांना झोप येत नाही, मग जायचं कुठं? म्युझियमच्या अंगणात. वेसाला जाऊन सतरा वर्षं झाली त्या वर्षीच्या उन्हाळ्याला त्यांनी नाव दिलं होतं, ‘पायाखालचं’. प्रदर्शनं मांडणारी काइसा म्हणून एक तरुण बाई तिथं आहे. ती वसंतातच राइलीच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"आत भिंतींवर देशभरच्या जुन्या सतरंज्या लावतोय," काइसा म्हणाली. "आणि अंगणात तुमचा माग. गावानं चिंध्या आणायच्या, तुम्ही उन्हाळाभर सगळ्यांसमोर एकच लांब सतरंजी विणायची. ऑगस्टच्या शेवटी ती म्युझियमच्या संग्रहात जाईल. कायमची."

"म्हणजे भिंतीवर?"

"भिंतीवर."

"का? भिंतीचे पाय गारठलेत का?"

काइसा हसून हसून बेजार झाली. राइलीनं थोडे आढेवेढे घेतले, पण आतून तिला गुदगुल्या झाल्या होत्या. का होऊ नयेत? अख्खा जन्म लोकांच्या पायाखाली काम घातल्यावर एकदा डोळ्यांसमोर आलेलं कुणाला नको असतं? ती हो म्हणाली.

युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाआधीच्या शनिवारी चिंध्या फाडायचं ‘ताल्कोत’ ठरलं, म्हणजे सगळ्या गावानं मिळून करायचं फुकटचं काम. ताल्कोत म्हटलं की आमच्याकडे प्रश्न नसतात. बोलावणं आलं की यायचं, आणलेलं ढिगावर टाकायचं, समोर दिसेल ते काम उचलायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून वाटाण्याचं सूप ओरपायचं. हे कुणाचं, हे का टाकलं, असं विचारणं वाईट दिसतं. देणाऱ्यानं दिलं, विषय संपला.

राइली सकाळीच माग बसवायला गेली. निघताना ताउनोला म्हणाली, "माळ्यावरची पोती घेऊन ये." तिच्या मनात होती जिन्याजवळची दोन पोती, वर्षभर जमवलेल्या चादरींची. पण ताउनो म्हणजे सांगितलेलं काम तडीला नेणारा माणूस. त्याच्या गाडीतून कधी दुधाचा एक कॅन मागे राहिला नाही. जिन्याजवळची पोती त्यानं खाली आणली, पुन्हा वर गेला, वाकून धुराड्यामागे बघितलं आणि तिथलंही ओढून काढलं. सुतळीची गाठ होती. सोडून बघितली नाही. कशाला बघेल?

ताणा नीट ओढून, पायाखालच्या पावड्या तपासून, हात पुसत पुसत राइली छताखालच्या टेबलांकडे आली तेव्हा सगळे हात कामाला लागले होते. कापड फाटल्याचा आवाज, मधूनच हसणं. सिल्वी टेबलाच्या ह्या टोकाला होती. तिच्या मांडीवर लाल-काळ्या चौकड्यांचा शर्ट होता. एका बाहीच्या पट्ट्या होऊन गेल्या होत्या, दुसऱ्या बाहीला तिनं दातांनी चीर दिली होती.

राइलीनं शर्ट ओळखला. हात नको लावूस, असं ओरडायला तिचं तोंड उघडलंसुद्धा. पण ते शब्द कुणाचे होते हे तिला आठवलं, आणि तिनं तोंड मिटलं.

"बघ गं, फ्लॅनेल काय मऊ आहे," सिल्वी म्हणाली. "असलं चांगलं कुणी टाकलं कोण जाणे."

राइली बाकावर बसली. टेबलावर वेसाची निळी पँट होती, हिरवा बनियन होता, सैन्यातून सुटला तेव्हा शिवून घेतलेला पांढरा शर्ट होता. बटणंसुद्धा काढलेली नव्हती. कुणीतरी ती कात्रीनं उडवून बशीत टाकत होतं, टक, टक. अडवायचं म्हटलं तर एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द काढायचा म्हणजे गावाला सांगायचं, की तुम्हाला सगळ्यांना कापायला लावलं आणि मी मात्र साठवून ठेवलं. ते तिच्यानं होईना.

तेवढ्यात तिला दुसऱ्या टोकाला ताउनो दिसला. त्याच्या मांडीवर राखाडी स्वेटर होता. तो कापत नव्हता, फाडत नव्हता. स्वेटरवर दोन्ही हात ठेवून तो तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत राग असता तर राइलीला बरं वाटलं असतं. गाडी घेऊन भलत्याच गावात पोचलेला माणूस जसा पाटीकडे बघतो तसा तो नुसता बघत होता. मग त्यानं स्वेटरची घडी घातली, काखेत मारली आणि चालू लागला.

"ताउनोला काय झालं?" सिल्वीनं विचारलं. "सूप न खाता निघाला?"

"पोट बरं नसेल," राइली म्हणाली. समोर आलेलं कापड तिनं उचललं आणि फाडायला लागली. तो वेसाचाच पायजमा होता.

घरी गेल्यावर त्यानं काही विचारलं नाही आणि तिनं काही सांगितलं नाही. स्वेटर कुठं दिसला नाही. दोघं टेबलाशी बसून बटाटे सोलायचे, मासा खायचे, कॉफी प्यायचे आणि दोघांच्या मधे ते सगळं पडून असायचं. एकदा ओरड तरी, असं राइलीला वाटायचं. ताट आपट, दार आपट, काहीतरी कर. तो तिच्या कपात कॉफी ओतायचा आणि दूध पुढे सरकवायचा. युहान्नुसला सगळं गाव तळ्याकाठच्या होळीला गेलं. हे दोघं घरीच होते. ते वेसा गेल्यापासून तिकडे जातच नव्हते.

जुलैभर राइली अंगणात विणत होती. लोक यायचे, फोटो काढायचे, पोरं पावड्यांवर पाय ठेवू द्या म्हणून हट्ट करायची. "हे आमचे पडदे!" असं कुणी ओरडलं की ती म्हणायची, "असतील. धुतले असतेत तर रंग आणखी खुलला असता." तोंड चालायचं, हात चालायचे. मात्र वेसाचे गुंडे तिनं एकूण एक ओळखून टोपलीच्या तळाशी घातले होते. आधी बाकीच्यांचं, मग बघू. पण टोपली किती दिवस पुरणार? ऑगस्ट लागला आणि वरचं सगळं संपलं.

त्याच सुमारास काइसानं तिला आत नेऊन भिंत दाखवली. मोठी, पांढरी. "दोरी इथं लावू," काइसा म्हणाली. "दिवे मंद ठेवू, म्हणजे रंग उडायचे नाहीत. तुमची सतरंजी शंभर वर्षं अशीच राहील. कुणाचा हात नाही, कुणाचा पाय नाही, धूळसुद्धा नाही."

"कुणाचाच पाय नाही?"

"कुणाचाच नाही."

राइलीला तिथं एकदम मोकळं वाटलं. म्हणजे वेसाला कुठं ठेवायचं ते ठरलं. माळ्यावर उंदीर होते, ओल होती, पायाखाली घालणं तर शक्यच नव्हतं. इथं तो नीट राहिला असता. परत येऊन ती मागावर बसली आणि तळातला पहिला गुंडा, निळा, धोट्यावर चढवला. "ठेवते हं तुला, नीट ठेवते," असं ती पुटपुटली. कुणाला वाटलं असेल मागाशी बोलतेय. निळ्यामागून हिरवा गेला, मग पांढरा, मग लाल-काळा. काइसा येता-जाता थांबायची आणि म्हणायची, "राइली, शेवटचा भाग सगळ्यात सुंदर होतोय."

एका दुपारी ताउनो आला. अंगणात पोरं कागदाचे दिवे चिकटवत होती, कुणी अकॉर्डियन वाजवत होतं. तो मागाजवळच्या बाकावर बसला.

"हा लाल पट्टा त्याचा ना?" त्यानं विचारलं.

धोटा राइलीच्या हातात थांबला. "हो."

"आणि हे जाणार भिंतीवर."

"हो. कुणी पाय देणार नाही रे. काइसा म्हणते, शंभर वर्षं..."

"मग मी त्याला भेटायला कुठं यायचं?" ताउनो म्हणाला. "तिकीट काढून? दोरीच्या अलीकडे उभा राहून?"

राइलीनं धोटा खाली ठेवला.

"थडग्यावर तू फुलं लावतेस, मी झारीनं पाणी घालतो," ताउनो म्हणाला. एवढं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. प्रत्येक वाक्यानंतर तो दम घेत होता. "तिथं दगड आहे. मी दगड मागितला नव्हता. एक स्वेटर मागितला होता."

"खोटं बोलले मी," राइली म्हणाली. "देववला नाही. तुलासुद्धा देववला नाही. तो फक्त माझाच मेलाय, असं वाटायचं मला."

ताउनोनं मान हलवली. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला वाटलं होतं, तुला कळलंय. म्हणून मला न देता चर्चच्या गाडीला दिलास."

"काय कळलंय?"

"त्या सकाळी त्यानं मला विचारलं होतं, बाबा, बर्फ कसा आहे? मी काठावर जाऊन टाच आपटून बघितली. चालेल म्हणालो." त्यानं टाच जमिनीवर टेकवून दाखवली. "मी म्हणालो त्याला, चालेल. तुला कुणीतरी सांगितलं असणार, असं धरून चाललो मी. हिनं मला स्वेटर दिला नाही, बरोबरच आहे, म्हटलं. तुझ्या जागी मी तरी दिला असता का?"

राइलीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. एका घरात, एका टेबलाशी, एवढी वर्षं हा माणूस स्वतःला गुन्हेगार समजून तिच्या कपात कॉफी ओतत होता, आणि तिच्या एका खोट्यानं त्याला शिक्षा सुनावली होती. तिचा जीव गलबलून गेला. रागही आला, खोटं कशाला सांगू? चालेल म्हणालास? तू? पण समोर बाकावर बसलेला म्हातारा बघितला आणि तो राग टेकायला जागाच सापडेना. ती मागावरून उठली, त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"खिडकीतून मीही बघितला होता बर्फ," ती म्हणाली. "मलाही घट्टच दिसला."

ती तेव्हा खिडकीत होती की नव्हती, देव जाणे. दुसऱ्यांदा खोटं बोलली असेल तर असो बापडी. ताउनोनं तोंडावरून हात फिरवला. पोरं दिवे घेऊन त्यांच्या समोरून पळत गेली.

दुसऱ्या दिवशी तो एक पिशवी घेऊन आला. आत राखाडी पट्ट्या होत्या, वाकड्यातिकड्या, कुठं जाड, कुठं बोटभर.

"तू कापलास?" राइलीनं विचारलं. "अरे, हवा होता ना तुला?"

"उन्हाळाभर होता माझ्याकडे. सौनाच्या बाकाखाली ठेवला होता. रोज काढून बघायचो." ताउनोनं पिशवी तिच्यापुढे केली. "बाह्या रिकाम्या असतात गं त्याच्या. उचलला की कळतं, आत कुणी नाही. हे घाल त्याच्यात. पण भिंतीवर नको. घरी ने."

"घरी म्हणजे जमिनीवर."

"हो. जमिनीवर."

राइलीनं राखाडी पट्ट्या विणल्या. जाडीबारीकपणामुळे तिथं सतरंजी जरा फुगली, तिनं तशीच राहू दिली. मग गावाच्या चिंध्या संपून वेसाचा निळा जिथं सुरू होत होता, तिथं सांध्याजवळचं वीतभर विणकाम तिनं उसवलं. "चुकलं का?" म्हणून बघे विचारायचे. "हो, चुकलं," ती म्हणायची. काइसाला सांगायचं तिनं रोज ठरवलं आणि रोज तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

शेवटच्या रविवारी अंगण भरून गेलं. काइसानं भाषण केलं, ‘पायाखालचं’ला किती माणसं आली, कुठून कुठून आली ते सांगितलं आणि मोठी कात्री राइलीच्या हातात दिली. चौघांनी सतरंजी मागावरून उलगडत नेली. सगळ्या गावाचे पडदे, चादरी, डगले लांबच लांब पसरले, लोक आपापलं ओळखून बोटं दाखवायला लागले. राइली त्या उसवलेल्या जागेपाशी आली आणि तिनं ताण्याचे दोर मधेच कचाकच कापले.

"राइली! हे काय?" काइसा घाबरीघुबरी झाली. "तो भाग तर राहिला. तोच तर सगळ्यात..."

"हे एवढं तुमचं," राइली म्हणाली. "ते घ्या, लावा भिंतीवर, मी काही म्हणत नाही. तो भाग तुमचा नाही. तो माझा मुलगा आहे."

काइसाचा हात अर्ध्यावर राहिला. गर्दीतून सिल्वी पुढे आली. लाल-काळ्या पट्ट्याकडे बघत ती उभी राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"सतरा वर्षं?" ती म्हणाली. "सतरा वर्षं ठेवलेस? आणि माझ्या घरात घुसून कपाट उपसलंस? हे थडगं नाही म्हणालीस मला!"

"म्हणाले."

"लाज नाही वाटली?"

"वाटली गं. म्हणूनच बोलले नाही."

सिल्वी एक पाऊल मागे सरली. ती आता निघून जाणार असं सगळ्यांना वाटलं. ती गेली नाही. तिनं वाकून त्या लाल-काळ्या पट्ट्याला हात लावला.

"तो शर्ट मी फाडला," ती म्हणाली. "दातांनी. सांगायचं तरी होतंस गं राइली. हळू फाडला असता."

तेव्हा मात्र राइली रडली. गावानं तिला रडताना कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काय करावं कळेना, सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. काइसानं मागावरच्या राहिलेल्या सतरंजीचं टोक दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "मी धरते. तुम्ही कापा." ताण्याचे उरलेले दोर कापले गेले. मग सिल्वी जमिनीवर मांडी घालून बसली आणि डोळे पुसत पुसत दशांच्या गाठी मारायला लागली, एकेक गाठ ओढून बघत.

ती सतरंजी ताउनोनं खांद्यावरून घरी आणली. राइलीनं स्वयंपाकघरात, खिडकीखाली अंथरली, कोपरे ओढून सरळ केले आणि मागे झाली. गावात शेकडो घरांत तिनं हेच केलं होतं आणि प्रत्येक घरात पुढचं वाक्य तिच्या तोंडात तयार असायचं. आज ते निघेना. दोघं सतरंजीच्या दोन बाजूंना नुसत्या मोज्यांवर उभी होती. पलीकडे चूल, पलीकडे कॉफी, आणि कुणाचंच पाऊल उचलत नव्हतं.

मग ताउनो गुडघ्यावर आला. गुडघे वाजले त्याचे. हात टेकून, हळूहळू, तो सतरंजीवर आडवा झाला आणि त्या फुगलेल्या राखाडी पट्ट्यावर त्यानं गाल टेकला. डोळे मिटले. राइली बघत राहिली. त्याची पाठ हलायला लागली, आवाज मात्र येत नव्हता.

सतरंजी एका माणसाच्या रुंदीची होती.

"सरक जरा," राइली म्हणाली, आणि खुर्चीचा आधार घेत खाली बसली. "मलापण जागा दे."